यंत्रशाळेपासून प्रबंधापर्यंत : यंत्र अभियांत्रिकीच्या पदव्युत्तर शिक्षणाची भारतातील वाटचाल

भारतात यंत्र अभियांत्रिकीची पदव्युत्तर पदवी, जिला विद्यापीठांच्या परंपरेत एम.ई. आणि तंत्रज्ञान संस्थांच्या परंपरेत एम.टेक. म्हटले जाते, कारखान्यांच्या मागणीपेक्षा अध्यापकांच्या टंचाईतून आकाराला आली, आणि तिच्या पुढील वाटचालीतील बहुतेक गुणदोषांचे मूळ या उगमातच सापडते. इंग्लंड, जर्मनी आणि अमेरिका या देशांत यंत्रे बनवणारा उद्योग आधी उभा राहिला, त्या उद्योगापुढील अडचणींतून प्रयोगशाळा निघाल्या आणि प्रयोगशाळांच्या आश्रयाने उच्च पदव्या रुजल्या. भारतात मात्र यंत्रे तयार होऊन बोटीने आली, ती चालवणारे आणि दुरुस्त करणारे हात येथे घडले, परंतु एखादे यंत्र अमुक आकाराचे आणि अमुक धातूचेच का असावे, या प्रश्नाचा पद्धतशीर अभ्यास करण्याची सोय होण्यास जवळजवळ एक शतक जावे लागले.

१८५३ च्या एप्रिलमध्ये बोरीबंदर ते ठाणे आगगाडी धावली, १८५४ मध्ये कावसजी दावर यांनी मुंबईत कापडगिरणी उभारण्याचा उद्योग आरंभला आणि त्याच वर्षी पुण्यात ‘पूना इंजिनिअरिंग क्लास अँड मेकॅनिकल स्कूल’ ही शाळा सुरू झाली. या तीन घटना पाठोपाठच्या असल्या तरी त्यांचा परस्परांशी आज वाटतो तितका निकटचा संबंध नव्हता. पुण्याच्या शाळेच्या नावात यंत्रविद्येचा उल्लेख होता आणि तिच्या आवारात लहानशा कर्मशाळाही होत्या, परंतु रस्ते, पूल, कालवे आणि धरणे यांच्या कामासाठी सरकारला दुय्यम कर्मचारी पुरवणे हा तिचा मुख्य हेतू होता. रुरकी, गिंडी आणि शिबपूर येथील संस्थांचेही मूळ प्रयोजन स्थापत्याचेच होते. पुढे पुण्याची संस्था मुंबई विद्यापीठाशी जोडली गेली आणि तेथून मिळणारी ‘लायसेन्शिएट इन सिव्हिल इंजिनिअरिंग’, म्हणजे एल.सी.ई., ही स्थापत्य अभियंत्याची सनद पश्चिम भारतात प्रतिष्ठेची मानली जाऊ लागली. मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या हे १८८३ मध्ये याच परीक्षेतून पुढे आले. यंत्र अभियांत्रिकीचे शिक्षण गिंडीत १८९४ मध्ये सुरू झाले, तर पुण्यात संस्थेचे नाव १९११ मध्ये ‘कॉलेज ऑफ इंजिनिअरिंग’ झाले त्या सुमारास या शाखेत बी.ई. ही पदवी मिळू लागली. म्हणजे आगगाडी धावू लागल्यानंतर सुमारे सहा दशके पश्चिम भारतात यंत्र अभियंत्याची विद्यापीठीय पदवी नव्हती.

हा विलंब केवळ सरकारी अनास्थेचा परिणाम म्हणता येणार नाही, कारण ब्रिटनमध्येच यंत्र अभियंता कॉलेजात घडतो अशी समजूत नव्हती. तेथे होतकरू तरुणाच्या पालकांनी एखाद्या नामांकित अभियंत्याला शुल्क द्यायचे, तरुणाने त्याच्या कारखान्यात काही वर्षे उमेदवारी करायची आणि मग ‘इन्स्टिट्यूशन ऑफ मेकॅनिकल इंजिनिअर्स’ या १८४७ मध्ये स्थापन झालेल्या व्यावसायिक संस्थेचे सभासदत्व मिळवायचे, अशी रीत होती. तीच रीत हिंदुस्थानातील रेल्वेने उचलली. फरक इतकाच की वरच्या जागांवरील माणसे ब्रिटनमधून येत आणि कर्मशाळांतील लोहार, फिटर, खरादी हे मात्र येथले असत. जमालपूरची रेल्वे कर्मशाळा १८६२ मध्ये सुरू झाली, पण भारतीय तरुणांना यांत्रिक विभागाचे अधिकारी म्हणून घडवणारी ‘स्पेशल क्लास अप्रेंटिस’ योजना तेथे १९२७ मध्ये आली. मुंबईच्या गिरण्यांतही लँकेशायरहून यंत्रे येत तसे ती उभारणारे तंत्रज्ञ येत. या परिस्थितीला उत्तर म्हणून १८८७ मध्ये मुंबईत व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूट, म्हणजे आजची वीरमाता जिजाबाई तंत्रशास्त्र संस्था, स्थापन झाली आणि १८९० मध्ये सयाजीराव गायकवाडांनी त्रिभुवनदास गज्जर यांच्या नेतृत्वाखाली बडोद्यात कलाभवन काढले. मुंबईच्या संस्थेचा एल.एम.ई. हा यंत्र अभियांत्रिकीचा परवानापत्र अभ्यासक्रम गिरण्यांत आणि रेल्वेत चांगला चालला. लक्ष्मणराव किर्लोस्कर यांत्रिक रेखाटन शिकवीत ते याच संस्थेत. या दोन्ही संस्थांनी हाताला वळण लावले आणि कारखान्यांना उपयोगी माणसे दिली, परंतु त्याहून वरच्या शिक्षणाचा मार्ग अजून समुद्रापलीकडेच जात होता.

तो मार्ग चालणाऱ्यांत पुणेकर फार लवकर दिसतात. केशव मल्हार भट हे पुण्याचे तरुण १८८२ मध्ये अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत दाखल झाले, आणि टिळक-आगरकरांच्या वर्तुळातील वृत्तपत्रांनी त्याच दशकात तशा प्रकारच्या औद्योगिक शिक्षणाची गरज मांडली. जमशेटजी टाटांनी १८९२ मध्ये परदेशी उच्च शिक्षणासाठी कर्जाऊ शिष्यवृत्त्या देणारा निधी स्थापन केला, जो आजही चालू आहे. शंतनुराव किर्लोस्कर १९२६ मध्ये त्याच अमेरिकन संस्थेतून यंत्र अभियांत्रिकीचे पदवीधर होऊन परतले आणि किर्लोस्करवाडीच्या उद्योगात दाखल झाले. येथे ध्यानात घेण्याजोगी गोष्ट अशी की शंतनुरावांची पदवी ही पहिलीच, म्हणजे बॅचलर, पदवी होती, आणि त्या काळी अमेरिकेतही यंत्र अभियंत्याने त्यापुढे शिकावे अशी फारशी अपेक्षा नव्हती.

ती अपेक्षा निर्माण होण्यामागे यंत्रविद्येच्या स्वरूपातच झालेला बदल होता. एकोणिसाव्या शतकात यंत्राचे भाग बऱ्याच अंशी अनुभवाने आणि अनुभवातून बनलेल्या सूत्रांनी ठरत. दांडा तुटला की पुढचा दांडा जाड करायचा, असा तो व्यवहार होता. वेग वाढले, वाफेची चक्रे मिनिटाला हजारो फेरे घेऊ लागली, विमान आले, आणि मग दांडा जाड करणे हा उपाय पुरेना, कारण जाड दांडा जड होतो आणि कंपनाचे स्वरूपही बदलतो. जर्मनीत १८९९ मध्ये तांत्रिक उच्चविद्यालयांना डॉक्टरेट देण्याचा अधिकार मिळाला आणि अभियांत्रिकी ही विद्यापीठीय शास्त्रांच्या पंक्तीला बसली. १९०४ मध्ये लुडविग प्रांट्ल यांनी सीमास्तराची कल्पना मांडली. वाहत्या हवेतील वा पाण्यातील घर्षणाचा परिणाम घन पृष्ठभागालगतच्या अगदी पातळ थरात कसा केंद्रित होतो हे सांगणाऱ्या या कल्पनेने पंख, पंप आणि टर्बाइन यांच्या रचनेला गणिताचा पाया दिला. रशियातून स्थलांतरित झालेले स्टीफन टिमोशेन्को १९२२ मध्ये अमेरिकेत पोहोचले, पुढे मिशिगन आणि स्टॅनफर्ड येथे त्यांनी पदार्थांचे बल, कंपन आणि प्रत्यास्थता, म्हणजे भार काढल्यावर मूळ आकारात परतण्याचा पदार्थाचा गुण, या विषयांचे पदव्युत्तर शिक्षण उभे केले, आणि त्यांची पाठ्यपुस्तके पुढे भारतातील अनेक पिढ्यांच्या हाती आली. आज एम.ई.च्या पहिल्या सत्रात गणित, प्रगत घनयामिकी आणि द्रवयामिकी हे विषय असतात त्याची परंपरा येथून येते.

या नव्या विद्येशी महाराष्ट्राचा पहिला ठळक संबंध विष्णु माधव घाटगे यांच्या रूपाने आला. कोल्हापूर भागातील हसूर या गावच्या घाटगे यांनी ग्योटिंगेन येथे खुद्द प्रांट्ल यांच्या मार्गदर्शनाखाली १९३६ मध्ये डॉक्टरेट मिळवली, परतल्यावर बंगळुरूच्या हिंदुस्थान एअरक्राफ्ट कंपनीत काम केले आणि भारतीय विज्ञान संस्थेत १९४२ मध्ये सुरू झालेल्या वैमानिकी अभियांत्रिकी विभागात अध्यापनही केले. त्यांच्या नेतृत्वाखाली रचलेले एच.टी.-२ हे प्रशिक्षण विमान १९५१ मध्ये उडाले. घाटगे यांची कारकीर्द या इतिहासात अपवादात्मक आणि म्हणूनच मोलाची आहे, कारण उच्च सिद्धान्त, वर्ग आणि कारखाना या तिन्ही ठिकाणी एकाच माणसाचा सारखाच वावर असल्याचे त्यानंतर फार क्वचित दिसते. त्यांना बंगळुरूत जागा मिळाली यालाही कारण होते. टाटांच्या संकल्पातून १९०९ मध्ये स्थापन झालेली आणि १९११ पासून विद्यार्थी घेणारी भारतीय विज्ञान संस्था आरंभापासून पदवीनंतरच्या अभ्यासासाठीच होती. मात्र तेथे प्रथम रसायन आणि विद्युत तंत्रज्ञान यांना स्थान मिळाले. ज्ञानचंद्र घोष संचालक असताना, दुसऱ्या महायुद्धाच्या गरजेने, वैमानिकी आणि अंतर्ज्वलन इंजिन या यंत्र अभियांत्रिकीच्या दोन निकटच्या शाखा तेथे आल्या. अंतर्ज्वलन इंजिन म्हणजे ज्यात इंधन सिलिंडरच्या आतच जळते असे, पेट्रोल वा डिझेलवर चालणारे इंजिन. युद्धकाळात मोटारी, रणगाडे आणि विमाने या सर्वांचे भवितव्य त्यावर अवलंबून होते.

युद्ध संपता संपता धोरणाला वेग आला. व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळातील नियोजन व विकास खात्याचे सदस्य अर्देशीर दलाल यांनी उच्च तांत्रिक शिक्षणाचा विचार करण्यासाठी नलिनी रंजन सरकार यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली आणि तिचा अंतरिम अहवाल १९४६ मध्ये आला. देशाच्या चार दिशांना मॅसॅच्युसेट्सच्या तोडीच्या चार संस्था असाव्यात, त्यांनी पदवीधर तर घडवावेतच पण संशोधक आणि तांत्रिक शिक्षकही घडवावेत, ही या अहवालाची मध्यवर्ती शिफारस होती. शिक्षकांचा उल्लेख सहज झालेला नाही. नवी महाविद्यालये काढायची तर शिकवणार कोण, हा त्या काळातील प्रत्येक समितीपुढील पहिला प्रश्न होता. याच सुमारास सरकारने शेकडो तरुणांना शिष्यवृत्त्या देऊन ब्रिटन-अमेरिकेत पाठवले. सतीश धवन लाहोरहून यंत्र अभियांत्रिकीची पदवी घेऊन अमेरिकेला गेले, १९४७ मध्ये मिनेसोटा विद्यापीठातून वैमानिकी अभियांत्रिकीत एम.एस. आणि १९५१ मध्ये कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीतून डॉक्टरेट मिळवून परतले, आणि बंगळुरूच्या संस्थेत अध्यापक व पुढे संचालक झाले.

सरकार समितीच्या आराखड्यातील पहिली संस्था, म्हणजे पहिली भारतीय तंत्रज्ञान संस्था, १९५१ मध्ये खरगपूर येथे, हिजलीच्या जुन्या बंदिस्थानाच्या इमारतीत सुरू झाली, आणि तिचे पहिले संचालक बंगळुरूचेच ज्ञानचंद्र घोष होते. पश्चिमेकडील संस्थेला परकीय साहाय्य युनेस्कोमार्फत सोव्हिएत संघाकडून मिळाले. १९५८ च्या जुलैत वरळीतील रेशीम व कृत्रिम रेशीम गिरण्यांच्या संशोधन संस्थेच्या इमारतीत तिचे वर्ग भरले आणि १९५९ च्या मार्चमध्ये पंडित नेहरूंनी पवईला तिची कोनशिला बसवली. सोव्हिएत तज्ज्ञांबरोबर यंत्रसामग्री आली, आणि काही भारतीय अध्यापक प्रशिक्षणासाठी सोव्हिएत संघात गेले. मद्रासला जर्मनी, कानपूरला अमेरिकेतील नऊ विद्यापीठांचा संघ आणि दिल्लीला ब्रिटन असे साहाय्य लाभल्यामुळे एकाच देशात यंत्र अभियांत्रिकी शिकवण्याच्या चार परंपरा शेजारी शेजारी नांदू लागल्या. जर्मन परंपरेत यंत्रशाळेला आणि रेखाटनाला मान होता, अमेरिकन परंपरेत गणिताला आणि मूलभूत शास्त्राला, तर सोव्हिएत पद्धतीत विशिष्ट उद्योगासाठी विशिष्ट तज्ज्ञ घडवण्याकडे कल होता. कालांतराने चारही ठिकाणी अमेरिकन वळणच प्रभावी ठरले आणि सत्रपद्धती, श्रेयांक, अंतर्गत मूल्यमापन हे त्याचे विशेष सर्वत्र रूढ झाले.

पदव्युत्तर शिक्षणाला राष्ट्रीय स्वरूप देण्याचे श्रेय मुख्यतः माणेकलाल ठाकर यांच्या अध्यक्षतेखालील समितीला जाते. १९५९ मध्ये नेमलेल्या आणि १९६१ मध्ये अहवाल देणाऱ्या या समितीने पदव्युत्तर अभ्यास आणि संशोधन हे अभियांत्रिकी शिक्षणाचे अविभाज्य अंग मानावे, निवडक संस्थांत ते केंद्रित करावे आणि विद्यार्थ्यांना विद्यावेतन द्यावे असे सुचवले. त्यानंतर रूढ झालेला दोन वर्षांचा आकृतिबंध आजही फारसा बदललेला नाही. पहिल्या वर्षी सिद्धान्ताचे विषय, एक-दोन प्रयोगशाळा आणि सेमिनार, म्हणजे विद्यार्थ्याने स्वतः वाचून इतरांपुढे मांडायचा विषय, असतो. दुसऱ्या वर्षी मार्गदर्शकाच्या देखरेखीखाली एकच प्रश्न घेऊन त्यावर प्रबंध लिहायचा आणि बाहेरून आलेल्या परीक्षकासमोर मौखिक परीक्षा द्यायची असते. शाखेची विभागणीही तेव्हापासून साधारण तीन प्रवाहांत राहिली आहे : उष्णता आणि प्रवाह यांचा अभ्यास करणारा, ज्याला पुणे विद्यापीठात दीर्घकाळ ‘हीट पॉवर’ म्हटले गेले तो प्रवाह, यंत्रभागांची शक्ती, झीज आणि कंपने यांचा विचार करणारा डिझाइनचा प्रवाह, आणि धातू कापणे, ओतणे, जोडणे व कारखान्याची आखणी करणे यांचा उत्पादन प्रवाह.

या तिन्हींत जो भाग विद्यार्थ्याला खऱ्या अर्थाने बदलतो तो दुसऱ्या वर्षाचा होय, असे या इतिहासाकडे पाहताना आग्रहाने म्हणावेसे वाटते. पदवीपर्यंतच्या परीक्षांत प्रत्येक उदाहरणाला उत्तर असते आणि ते पुस्तकाच्या शेवटी छापलेले असते. प्रबंधात मात्र उपकरण स्वतः जुळवावे लागते, उष्णतामापक तारा स्वतः चिकटवाव्या लागतात, कर्मशाळेतील जाणत्या मेस्त्रीला चाचणीचा नमुना कसा हवा ते समजावून सांगावे लागते, आणि आलेला आलेख सिद्धान्ताशी का जुळत नाही याचे कारण महिनोन्‌महिने शोधावे लागते. हातात आकडे आहेत पण त्यांचा अर्थ अजून लागलेला नाही, या अवस्थेत टिकून राहण्याची सवय हीच या शिक्षणाची खरी कमाई आहे.

परंतु ही कमाई वापरण्याची जागा त्या काळच्या उद्योगात जवळजवळ नव्हती, आणि हा या इतिहासातील सर्वांत दुःखद भाग आहे. स्वातंत्र्यानंतरच्या तीन दशकांत भारतात यंत्रोद्योग जोमाने वाढला. पुण्याच्या आसपास खडकी, पिंपरी, चिंचवड, आकुर्डी आणि मुंढवा येथे इंजिने, स्कूटर, मालमोटारी आणि घडाई भाग यांचे कारखाने उभे राहिले. तथापि या कारखान्यांतील बरीच उत्पादने परदेशी कंपन्यांशी केलेल्या करारांवर आधारलेली होती. टेल्कोच्या मालमोटारींमागे १९५४ पासून डाइमलर-बेंझ होती, बजाजच्या स्कूटरींमागे पिआज्जो, मुंबईच्या प्रीमियर मोटारींमागे फियाट आणि महिंद्राच्या जीपमागे विलीज. आराखडे बाहेरून येत आणि येथील अभियंत्याचे काम ते आराखडे स्थानिक पोलाद, स्थानिक यंत्रे आणि स्थानिक पुरवठादार यांच्या साहाय्याने प्रत्यक्षात आणणे हे असे. ते काम मुळीच सोपे नव्हते आणि त्यातून महाराष्ट्रात उत्तम उत्पादन अभियंत्यांची पिढी घडली, परंतु अमुक भाग इतक्या जाडीचा का, हा प्रश्न विचारण्याचा अधिकार करारानेच दुसऱ्याकडे दिलेला होता. आयात-निर्बंधांमुळे बाजारात स्पर्धा नसल्याने नवे प्रतिमान काढण्याची निकडही नव्हती. अशा कारखान्यात एम.टेक. झालेला तरुण आणि बी.ई. झालेला तरुण यांच्या कामात वा वेतनात फारसा फरक पडत नसे, उलट दोन वर्षे आधी लागलेला बी.ई. ज्येष्ठतेने वर असे.

परिणामी पदव्युत्तर पदवीधरांपुढे संशोधन संस्था, संरक्षण व अवकाश प्रकल्प आणि अध्यापन एवढीच दालने उरली, आणि त्यांपैकी अध्यापनाचे सर्वांत मोठे होते. दुर्गापूर येथे १९५८ मध्ये निघालेली केंद्रीय यांत्रिक अभियांत्रिकी संशोधन संस्था, बंगळुरू येथे १९६२ मध्ये निघालेली यांत्रिक हत्यारांची संस्था आणि पुण्यात १९६६ मध्ये वाहनउद्योगाने सरकारच्या सहकार्याने उभारलेली ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन या संस्थांनी काही जणांना सामावून घेतले. महाराष्ट्रात सांगलीचे महाविद्यालय १९४७ मध्ये आणि कराड, औरंगाबाद व नागपूर येथील महाविद्यालये १९६० मध्ये सुरू झाल्याने अध्यापकांची गरज सतत होती. सेवेत असलेल्या अध्यापकांनी पगार न गमावता पुढे शिकावे यासाठी केंद्र सरकारने १९७० मध्ये गुणवत्ता सुधार कार्यक्रम, म्हणजे ‘क्यू.आय.पी.’, सुरू केला. त्यातून जिल्ह्याच्या गावचे कितीतरी अध्यापक पवईच्या किंवा खरगपूरच्या वसतिगृहात वयाच्या तिशी-पस्तिशीत पुन्हा विद्यार्थी झाले आणि परतताना नवी पुस्तके, नवे प्रयोग आणि संशोधनाची गोडी घेऊन आले. महाराष्ट्रातील अभियांत्रिकी शिक्षणावर या योजनेचे जे ऋण आहे त्याची नोंद पुरेशी झालेली नाही.

याच वेळी तंत्रज्ञान संस्थांचे स्वतःचे बी.टेक. पदवीधर मोठ्या संख्येने अमेरिकेकडे वळत होते. अमेरिकेने १९६५ मध्ये स्थलांतराचा कायदा बदलून राष्ट्रवार कोट्याची जुनी पद्धत मोडली आणि तेथील विद्यापीठांनी अध्यापन-साहाय्यक वा संशोधन-साहाय्यक म्हणून काम देऊन शुल्कमाफी व उपजीविकेपुरती रक्कम देण्याची सोय ठेवली, त्यामुळे मध्यमवर्गीय मराठी घरातील मुलालाही विमानाच्या तिकिटापुरते पैसे उभे करून एम.एस.ला जाणे शक्य झाले. मायदेशातील एम.टेक.चे वर्ग यामुळे मुख्यतः राज्यांच्या महाविद्यालयांतून आलेल्या विद्यार्थ्यांनी भरू लागले. प्रवेशाची पद्धत संस्थागणिक निराळी, विद्यार्थ्यांची तयारी असमान आणि मध्येच नोकरी लागली की अभ्यास सोडण्याचे प्रमाण लक्षणीय, अशा स्थितीचा आढावा यलवर्ती नायुडम्मा यांच्या अध्यक्षतेखालील समितीने घेतला. तिच्या १९८० च्या अहवालातील शिफारशींतून अभ्यासक्रमाचा कालावधी दीड वर्षावर आला, जो पुढे पुन्हा दोन वर्षांचा झाला, आणि संपूर्ण देशासाठी एकच प्रवेशपरीक्षा निघाली. ‘ग्रॅज्युएट ॲप्टिट्यूड टेस्ट इन इंजिनिअरिंग’, म्हणजे सर्वांच्या तोंडी असलेली ‘गेट’, ती हीच. अमरावतीच्या किंवा कराडच्या पदवीधराला ओळखपाळख नसताना केवळ गुणांवर पवईचे वा बंगळुरूचे दार उघडून देणारी आणि वर विद्यावेतनही मिळवून देणारी ही परीक्षा ग्रामीण महाराष्ट्रातील अनेक विद्यार्थ्यांच्या आयुष्याला वळण देणारी ठरली.

१९८३ मध्ये वसंतदादा पाटील यांच्या सरकारने विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांना परवानगी दिली आणि अध्यापकांच्या टंचाईचा जुना प्रश्न नव्या प्रमाणात उभा राहिला. अल्पावधीत निघालेल्या या महाविद्यालयांत कालचे बी.ई. आज व्याख्याते झाले आणि बढतीसाठी त्यांना एम.ई.ची गरज पडू लागली. त्यातून सायंकाळच्या वा शनिवार-रविवारच्या अंशकालीन वर्गांना बहर आला. दिवसभर शिकवायचे आणि मग एस.टी.ने दुसऱ्या शहरात जाऊन शिकायचे, असा शिरस्ता कित्येकांनी तीन-तीन वर्षे सांभाळला. अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने २०१० मध्ये सहायक प्राध्यापकपदासाठी एम.ई. सक्तीची केल्यावर छोट्या महाविद्यालयांतही पदव्युत्तर तुकड्या निघाल्या. जेथे संशोधन करणारे मार्गदर्शक नव्हते, चाचणीची यंत्रे नव्हती, तेथे दुसऱ्या वर्षाचा प्रबंध हा संगणकावर काढलेल्या रंगीत आकृत्यांचा संच होऊन बसला. त्या दोन वर्षांचा जो गाभा होता तोच येथे हरवला, आणि पदवी महाविद्यालयांकडील विद्यार्थ्यांचा ओघ आटताच यांतील अनेक तुकड्या रिकाम्या पडल्या.

संगणकाला यात दोष देणे मात्र अन्यायाचे होईल. एखादा गुंतागुंतीचा भाग हजारो लहान तुकड्यांत विभागून प्रत्येक तुकड्याचे समीकरण मांडायचे आणि सर्व समीकरणे एकत्र सोडवायची, ही सांत घटक पद्धती विमानउद्योगाच्या गरजेतून निघाली आणि तिचा पाया घालणारा शोधनिबंध १९५६ मध्ये प्रसिद्ध झाला. कानपूरला १९६३ मध्ये आलेला आय.बी.एम. १६२० आणि मद्रासला १९७३ मध्ये आलेला आय.बी.एम. ३७० या संगणकांमुळे भारतीय विद्यार्थ्याला ही पद्धती स्वतः कार्यक्रम लिहून शिकता आली. पत्त्यांवर भोके पाडून आकडे भरणारे ते विद्यार्थी समीकरणापासून उत्तरापर्यंतची प्रत्येक पायरी ओळखत होते. तयार सॉफ्टवेअर आल्यावर ही ओळख आपोआप होत नाही, ती मार्गदर्शकाला मुद्दाम घडवून आणावी लागते.

उद्योगाला या शिक्षणाची खरी गरज १९९० नंतर भासू लागली आणि त्याला दोन कारणे झाली. पहिले म्हणजे बाजार खुला झाल्यावर जुन्या करारांच्या आधारे जगणे अशक्य झाले. टेल्कोने पुण्यातील आपल्या अभियांत्रिकी संशोधन केंद्राच्या बळावर इंडिका ही मोटार १९९८ मध्ये आणली आणि सांगाड्याची मजबुती, कंपने, आवाज, टक्कर यांचा हिशोब येथेच करणे भाग पडले. दुसरे कारण धुराचे. १९९१ पासून मोटारींच्या धुरावर मर्यादा आल्या, २००० मध्ये त्या कडक झाल्या आणि १ एप्रिल २०२० रोजी देशभर ‘बी.एस. ६’ हे मानक लागू झाले. सिलिंडरमध्ये इंधनाचा फवारा किती बारीक, कोणत्या क्षणी आणि किती टप्प्यांत पडावा हे ठरवल्याशिवाय ही मानके पाळता येत नाहीत, आणि हे ज्ञान करारासोबत आलेल्या आराखड्यात मिळत नाही. ‘हीट पॉवर’च्या प्रयोगशाळेत इंजिनाचा धूर मोजत बसलेल्या विद्यार्थ्याला कारखान्याने प्रथमच बोलावून नेले ते या काळात. कंपन्या आपल्या अभियंत्यांना स्वखर्चाने एम.टेक.ला पाठवू लागल्या, वाहन संशोधन संस्थांनी विद्यापीठांशी मिळून अभ्यासक्रम काढले, आणि प्रबंधाचा विषय कारखान्यातून येऊ लागला.

अलीकडच्या दशकात चित्र पुन्हा पालटते आहे. सार्वजनिक क्षेत्रातील कंपन्यांनी भरतीसाठी ‘गेट’चे गुण ग्राह्य धरल्याने ही परीक्षा देणाऱ्यांपैकी पुष्कळांना एम.टेक. करायचेच नसते, आणि प्रवेश घेतलेलेही बोलावणे येताच मधूनच निघून जातात. परदेशी शिक्षणातही अमेरिकेबरोबर जर्मनी पुढे आली आहे. युरोपातील १९९९ च्या बोलोन्या करारानंतर तेथील जुनी ‘डिप्लोम’ पदवी जाऊन मास्टर्स आली, काही अभ्यासक्रम इंग्रजीतून मिळू लागले, बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिक्षणशुल्क नाही, आणि त्यामुळे पुण्यातील जर्मन भाषेच्या वर्गांत यंत्र अभियांत्रिकीचे विद्यार्थी नेहमी दिसतात. २०१८ मध्ये जाहीर झालेल्या पंतप्रधान संशोधन अधिछात्रवृत्तीने बी.टेक.नंतर थेट डॉक्टरेटला प्रवेश आणि आरंभी दरमहा ७०,००० रुपये देऊ केले, तर एम.टेक.च्या विद्यार्थ्याचे विद्यावेतन दरमहा १२,४०० रुपयांवर राहिले; या तफावतीत हुशार विद्यार्थी मधली पायरी वगळू लागला तर नवल नाही. पुण्याची १८५४ ची शाळा २०२२ मध्ये स्वतंत्र तंत्रज्ञान विद्यापीठ झाली असून आपले पदव्युत्तर अभ्यासक्रम स्वतः आखण्याचा पूर्ण अधिकार तिच्या हाती आला आहे, आणि तिच्या सभोवतालचे कारखाने डिझेल इंजिनाकडून बॅटरीकडे वळत असताना बॅटरीचे तापमान आटोक्यात ठेवणे, हलक्या मिश्रधातूंची जोडणी करणे, विजेच्या मोटारीतील दात्यांचा आवाज कमी करणे हे प्रबंधांचे नवे विषय तिच्या दाराशी उभे आहेत.